बायकांची एकच जागा

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा या शहराला लोक न्यू बॉम्बे म्हणायचे, आणि खाडीपलीकडचे नातेवाईक हटकून विचारायचे, "तिकडे कोल्हे ओरडतात म्हणे?" ओरडायचे. खोटं कशाला बोलू? पण कोल्ह्यांच्या शेजारी राहूनही आम्ही चार-सहा घरांनी मिळून वाचनालय काढलं. बाजारातला एक गाळा मिळाला, सरकारी अनुदान मंजूर झालं आणि दारावर निळ्या अक्षरांत पाटी लागली, 'सार्वजनिक वाचनालय'.

कार्यकारिणीत सगळे पुरुष. बायकांसाठी राखीव अशी एकच जागा, आणि ती माझी. आज कुणाला हसू येईल, पण त्या जागेचा मला केवढा अभिमान होता! बिल्डिंगमध्ये मी अमक्यांची मिसेस, शाळेत तमक्याची आई, सासरी धाकटी. वाचनालयातल्या फळ्यावर मात्र माझं नाव माझ्यासाठी लिहिलेलं होतं, तेही लोकांनी हात वर करून निवडून दिलं म्हणून. पहिल्याच बैठकीत चहाचं कोण बघणार असं एकजण माझ्याकडे बघत म्हणाला. मी म्हटलं, "ज्याला प्यायचाय तो." तेव्हापासून चहा समोरच्या हॉटेलातून यायला लागला.

नियमांचं पुस्तक आम्ही स्वतः लिहिलं नव्हतं. आमच्यातले बरेचजण गिरगाव-दादरच्या चाळींतून आलेले, तेव्हा तिथल्या आपल्या जुन्या वाचनालयाचे नियम कुणीतरी उचलून आणले. त्यात सभासद व्हायला चाळमालकाची शिफारस लागायची. इथे चाळमालक कुठला? म्हणून आम्ही तिथे 'हौसिंग सोसायटीचे सेक्रेटरी' असं घातलं आणि पुढचं पान उलटलं. मनात कुणाच्याही काही वाईट नव्हतं. डोक्यातच आलं नाही, एवढंच.

एका दुपारी देवघेवीच्या टेबलावर माझी पाळी होती. शेती आणि मासेमारी करणाऱ्या शेजारच्या गावातली एक तरुण बाई आली. माहेर नावडे गावचं, दिलेली इथे, आणि गावातली बालवाडी ती चालवायची. पोरांना वाचून दाखवायला गोष्टींची पुस्तकं हवी होती तिला. मी आपली सवयीने म्हटलं, "सोसायटीच्या सेक्रेटरीची चिठ्ठी आणा."

ती म्हणाली, "आमचे गावाला सोसायटी नाय, ताई. गाव हाय नुसतं."

मी नियमांचं पुस्तक उघडून बघितलं, त्यात गावासाठी काहीच लिहिलेलं नव्हतं. ती भांडली नाही, वाचायच्या टेबलावर बसली, कारण वर्तमानपत्रांना सभासदत्व लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. वर्तमानपत्रातल्या मुलांच्या पानावरची गोष्ट ती दोनदा वाचून पाठ करायची आणि तशी बालवाडीत जाऊन सांगायची. जाताना एकदा म्हणाली, "ही भिंत आमचे शेतावर उभी हाय. मंग पुस्तकाला आमी परके कसे?" रागाने नाही म्हणाली, आणि खोटंही नाही; या शहरासाठी सरकारने गावाचीच जमीन घेतली होती. राग मला आला, आणि तो गिळायची मला सवय नाही.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. आमचे अध्यक्ष एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, देशावरचे, सरळ माणूस. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं चूक नाही. पण हा घटनेतला नियम आहे, तो फक्त वार्षिक सभाच बदलू शकते." मी म्हटलं, मग सभेत मांडते. बैठक संपल्यावर ते माझ्याबरोबर चौकापर्यंत चालत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक सांगू? गाव आत आलं की मतं त्यांची जास्त होतील. बायकांची जागा एकच आहे. उद्या ती कुणाकडे जाईल, याचा विचार करा."

माणूस माझ्या भल्याचंच बोलत होता. मी विचार केला, कुकरच्या शिट्या होईपर्यंत केला. जागा सोडायची माझी तयारी नव्हती, हे कबूल. पण गाव बाहेर ठेवून टिकवलेली जागा म्हणजे स्वतःच्याच घरात कडी लावून मीच मोठी म्हणण्यातला प्रकार. मग मी सेक्रेटरीच्या चिठ्ठीची अट काढायचा ठराव लिहायला घेतला.

वार्षिक सभा शाळेच्या वर्गात भरायची, मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे मुडपून बसायची. मी ठराव वाचला आणि कुजबुज सुरू झाली. मागून एक गृहस्थ म्हणाले, "पुस्तकं परत येतील ती मासळीचा वास घेऊन."

"आपल्या सोसायट्यांतून परत येतात त्यांना फोडणीचा वास असतो," मी म्हटलं. "परवा एका कादंबरीत कढीपत्त्याचं पान निघालं. ते चाललं ना?"

हशा पिकला. तो ओसरायच्या आत मी मुद्द्याचं बोलून घेतलं. अनुदान सरकार देतं, आणि तो पैसा सरकार गावाकडूनही गोळा करतं. गोळा करताना सेक्रेटरीची चिठ्ठी मागतं का? तेव्हा एकतर दार सगळ्यांना उघडा, नाहीतर पाटीवरचा 'सार्वजनिक' शब्द पुसा, घरून रॉकेल आणि फडका मी घेऊन येते. खरंच आणलं असतं. हात वर झाले आणि ठराव पास झाला. अध्यक्षांचाही हात वर होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

गावातली माणसं सभासद झाली. कारखान्यात जाणारी, मिठागरावरची, कॉलेजातल्या मुली. आणि पुढच्या वार्षिक सभेत तीच बालवाडीवाली उभी राहिली. म्हणाली, "नवी पुस्तकं आली की आधी कमिटीच्या घरी का जातात? आन संध्याकाळी सातला दार लागतं. आमची मानसं कामावरून येतात तवा कुलूप दिसतं. ही वेळ कोनाच्या सोयीची हाय?"

असा प्रश्न त्या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता. अध्यक्षांना खोकला आला. वेळापत्रकाचं काम माझ्याकडे, तेव्हा उठून उत्तर मलाच द्यावं लागलं. ती वेळ आमच्याच सोयीची होती. मी तसं सांगून टाकलं. घरी येताना मी चिडले होते. भाजी चिरताना मात्र एकटीच हसत सुटले. बाई काय विचारते, वा!

त्याच्या पुढच्या वर्षी कार्यकारिणीची निवडणूक आली. बायकांच्या जागेसाठी दोन अर्ज, एक माझा आणि एक तिचा. सभा सुरू व्हायच्या आधी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. म्हणाले, "वहिनी, टेन्शन घेऊ नका. त्यांचा अर्ज मुदतीनंतर आलाय, बाद करतो. तुम्ही बिनविरोध."

मोह झाला का? झाला की. पण अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी पुस्तक बदलायला गेले होते, तेव्हा ती दाराबाहेर अर्ज हातात धरून उभी होती आणि दाराला कुलूप होतं. दुपारचा शिपाई सुट्टीवर, बदली कुणी ठेवला नव्हता, आणि किल्ली माझ्याकडे नसायची. माझ्यासमोर ती उन्हात थांबून शेवटी बालवाडीकडे गेली होती.

सभेत अध्यक्ष अर्ज बाद म्हणू लागले तशी मी उठले. "अर्ज उशिरा आला नाही, दार उशिरा उघडलं. कुलूप आपलं होतं, मी बघितलंय. मतदान घ्या."

"तुमच्याच विरोधात बोलताय," ते हळूच म्हणाले.

"मी कुलपाविरोधात बोलतेय. हात मोजा."

मतदान झालं. मी माझं मत मलाच दिलं. का देऊ नये? काम मी चांगलं केलं होतं आणि उगाच महात्मा व्हायची मला हौस नाही. तिच्या बाजूने हात वर झाले तेव्हा मागच्या बाकांपासून खिडकीपर्यंत हातच हात दिसले. त्यात आमच्या बिल्डिंगमधले होते, आणि मासळीच्या वासाचं बोललेले ते गृहस्थसुद्धा. फळ्यावरचं माझं नाव पुसलं जाणार, याचं मला वाईट वाटलं, फार वाटलं. आणि त्याच वेळी ती गच्च भरलेली खोली बघून ऊर भरून आला. याच सभेला एके काळी कोरम भरायला आम्ही वॉचमनला बोलावून बसवत होतो.

ती जवळ येऊन पाया पडायला वाकली. मी दंडाला धरून तिला उभी केली. म्हटलं, "पाया नंतर पड. संध्याकाळची वेळ कधी वाढवणार ते आधी सांग. मी आता साधी सभासद आहे, विचारणारच."

"पुढचे बैठकीत घेते, ताई. नाय घेतली तर सभेत उभ्या राहा," ती म्हणाली.

घरी आमचे हे वर्तमानपत्र धरून वाटच बघत होते. डोळ्यांत मिस्कील हसू. "काय बाईसाहेब? स्वतःच आणलेल्या मतदारांनी पाडलं म्हणे?"

"पाडलं," मी म्हटलं आणि साडीची पिन काढली. "पण मोजून पाडलं."