रापणीतला वाटा

निजामाच्या मुलखातून फिरंग्यांच्या गोव्यात आम्ही दोघं भाऊ गेलो. नारळ-सुपारीचा भाव काढायचा, हे घरी सांगायला. खरं तर दादाला समुद्र बघायचा होता. नेकनूरच्या दुकानात जन्म गेलेला माणूस, त्यानं वाहतं पाणी पाहिलं ते बिंदुसरा नदीचं.

चार दिवस वेड्यासारखे हिंडलो. पांढरीशुभ्र चर्चं पाहिली, खिडक्यांना काचेऐवजी बसवलेले शिंपले पाहिले. पाचव्या दिवशी सकाळी दादा समुद्रात आंघोळीला उतरला.

आम्ही लिंगायत. आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच पाणी प्यायचं. ते हरवलं तर जगायचं नाही, असं मानणारा दादा. गुडघाभर पाण्यात तो सूर्याकडं तोंड करून डोळे मिटून उभा राहिला. सूर्याकडं तोंड म्हणजे समुद्राकडं पाठ, हे आम्हा नदीकाठच्या शहाण्यांना कुठं ठाऊक! मागून लाट आली आणि तिनं त्याला आडवा केला. उठला तेव्हा तळहात रिकामा होता.

"लिंग गेलं बे," म्हणाला आणि खोल पाण्याकडं चालू लागला.

"दादा, माघारी फिर!"

"कावून फिरू? आता माझं काय ऱ्हायलं हाय?"

माझं डोकं मुळातच भडक. कंबरभर पाण्यात गाठून त्याच्या कानाखाली जाळ काढला. तो मला ढकलून पुढं जाई, मी केस धरून मागं ओढी. शेवटी डावा हात पिरगाळला. तो कट्कन वाजला, तेव्हा कुठं दादा थांबला. वाळूवर आणूनही मी मारतच होतो. मला भयंकर भीती वाटत होती.

कोळ्यांना वाटलं, खून चाललाय. त्यांनी मला वल्ह्यांनी झोडपून चौकीत नेलं. "भावाला वाचवायला मारलं," म्हटल्यावर कारकून हसला. गोऱ्या शिपायानं लाकडी फळीनं माझे तळहात फोडले आणि संध्याकाळी हाकलून दिलं.

दादा वाळूवर तसाच होता. पाण्याचा थेंब घेत नव्हता. त्यानं पुन्हा समुद्रात जाऊ नये म्हणून एक म्हातारी कोळीण त्याला राखत बसली होती. हाताला तिनंच पाला बांधला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच रापण ओढायची होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. सारा गाव दोरी धरून ते किनाऱ्यावर ओढतो. दोरीला हात लावेल त्याला वाटा, हा त्यांचा रिवाज. मासळीच्या वासानं तोंड फिरवणारा मी, फुटल्या हातांनी ती दोरी ओढली. दोरी लाल झाली. तडफडणाऱ्या मासळीत कोपरापर्यंत हात घालून शोधलं. लिंग मिळेना. संतापानं मी मासळीला लाथा घातल्या.

वाटे घालताना म्हातारीनं शेवाळाचा गुंता झटकला. सुपारीएवढं काळं काहीतरी पदराला पुसून माझ्यापुढं धरलं.

"हो तुजो वांटो."

दादानं लिंग घेतलं, डोळ्यांना लावलं आणि तिच्याच हातचं पाणी प्यायला.

पण दादाचा मोडलेला हात नीट बसला नाही. डावा तळहात पुन्हा उलगडला नाही. नेकनूरला रोज आंघोळीनंतर तो मला हाक मारी. मी समोर बसून माझा डावा हात पुढं करी, त्यावर तो लिंग ठेवून पूजा करी. इतक्या वर्षांत एकदाच म्हणाला, "लई जोरात मारलंस बे."

मी हात हलू दिला नाही.