फेऱ्यांची दोरी, पिळाची दोरी

आमच्या ह्यांना उभ्या जन्मात एकदा ‘माझं चुकलं’ म्हणायची वेळ आली, तर ह्यांनी काय केलं? तुटलेली दोरी गुपचूप खिशात घातली. अजून आठवलं की अंगाची नुसती लाही लाही होते. सगळं सांगते. त्यांचं चांगलं आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नवऱ्याच्या नावाने खडे फोडायला बसली.

ह्यांचं नाव जितेंद्र. इथे भोपाळच्या कारखान्यात चौतीस वर्षं वाइंडिंगला होते. मोटारींच्या कॉइल गुंडाळायच्या. लग्न होऊन मी साताऱ्याहून आले तेव्हा लोक बायकोला तलाव दाखवायला नेतात, ह्यांनी मला कॉइल समजावून सांगितली. तार एकसलग हवी, मध्ये सांधा नको, प्रत्येक फेऱ्याला ताण सारखा हवा. डब्यात पोळ्या ठेवल्या तरी हा माणूस त्यांच्या कडा जुळवतो. पण हात सोन्याचा, खोटं कशाला बोलू? ह्यांनी गुंडाळलेली मोटार कधी परत आली नाही. त्यामुळे आपण चुकू शकतो हे त्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही अवधपुरीत घर बांधलं. जवळच्या मैदानावर वरुणसर मुलांना तिरंदाजी शिकवतात. ते ग्वाल्हेरचे, आपले मराठीच. मुलं साध्या बांबूच्या धनुष्यांनी खेळतात, त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या असतात. हे सकाळी फिरायला जायचे. एकदा कुणाच्या तरी धनुष्याची दोरी तुटली आणि ह्यांनी घरी येऊन दोऱ्या करायला एका फळीवर खुंट्या ठोकल्या. झालं! तीन वर्षं ती फळी माझ्या जेवणाच्या टेबलावर. मी दोऱ्याला मेण चोळायचं, ह्यांनी फेरे मोजायचे, आणि मी मध्ये काही बोलले की परत एकपासून सुरू.

ह्यांची पद्धत म्हणजे एकच लांब दोरा दोन टोकांच्या खुंट्यांभोवती फिरवत राहायचा, शेवटी गाठ मारायची, आणि दोन्ही टोकांच्या फाशांवर बारीक दोरा करकचून गुंडाळायचा. दिसायला देखणी, सगळ्या दोऱ्या एकसारख्या. दुसरी असते पिळाची. तिच्यात दोऱ्याच्या पदरांच्या दोन जुड्या घेऊन प्रत्येकीला एका बाजूने पीळ द्यायचा आणि मग दोन्ही उलट बाजूने एकमेकींवर वळायच्या. टोक दुमडून त्याच पिळात घातलं की झाला फासा. वेळ लागतो, आणि कुठलीही दुसरीसारखी होत नाही. हे तिला दावण म्हणायचे.

त्या मैदानावर सोनल यायची. पंधरा वर्षांची पोर, अयोध्या नगरातून सायकल हाणत यायची. बाप सेंट्रिंगच्या कामावर, गाव झाबुआकडचं. तिचं धनुष्य तिच्या आईच्या वडिलांनी तिच्या उंचीला मापून केलेलं, आणि ते करून म्हातारा पुढच्याच वर्षी गेला. त्यांनी वळलेली पिळाची दोरी झिजली तेव्हा ती ह्यांच्याकडे आली.

“अंकल, मुझे बटी हुई वाली बना दो ना. नाना वही लगाते थे.”

“ती गुरं बांधायला!” हे हसले.

पोरगी तरी काय, गप्प बसेल तर शपथ. म्हणाली, माझ्या बांबूच्या टोकाला दोरी अडकवायची खाच सुरीने कापलेली आहे, तिची कड दोरीला घासते. पिळाच्या दोरीत दोन पदर तुटले तरी बाकीचे धरून ठेवतात. तुमच्या दोरीत दोराच एक, तो एका जागी तुटला की सगळी दोरी सुटणार. शिवाय फाशाच्या एकेका बाजूला तुमचे निम्मेच पदर येतात, आणि घासतं नेमकं तिथेच. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी होते. मला अडाणी बाईलासुद्धा पटलं.

“अहो, द्या ना तिला हवी तशी,” मी म्हटलं.

“तुला यातलं डोंबल कळतं?” चारचौघांत! आणि तिला चौतीस वर्षांचा अनुभव ऐकवला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तसला माणूस. पोरीने मुकाट्याने फेऱ्यांची दोरी चढवली. मोठ्या माणसापुढे किती वाद घालणार ती?

मग तो शनिवार. जिल्ह्याच्या निवडीत सोनलचं नाव पहिल्या तिघांत होतं, यादी तेवढी वर जायची होती. तिने दोरी कानापर्यंत ओढली आणि काड्कन आवाज झाला. दोरी तुटली आणि त्या झटक्याने धनुष्य वरच्या बाजूला मोडलं. वरुणसर पाठमोरे होते. सगळ्यांत जवळ आमचे हे. धावत गेले, दोरी उचलली, खिशात घातली, आणि काय म्हणाले? “बाण नीट लागलाच नव्हता. हिने रिकामी सोडली.”

आता, बाण न लावता दोरी सोडली तरी बांबू असाच मोडतो, आणि मैदानाचा नियम आहे की असं करील त्याला महिनाभर मैदान बंद. पोरगी ओरडून सांगत होती, बाण लावला होता, हा बघा पायाशी पडलाय. कोण ऐकतंय? जितेंद्रकाका कशाला खोटं बोलतील! सोनलचं नाव यादीतून गेलं आणि ती मोडकं धनुष्य सायकलला बांधून घरी गेली.

घरी येऊन मलाही ह्यांनी तेच सांगितलं. आणि मी मूर्ख, मी म्हटलं, “आजकालच्या पोरांचं लक्षच नसतं.” माझ्या जिभेला काही हाड?

मंगळवारी मी स्कूटरच्या डिक्कीत पिशवी शोधत होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती दोरी हाताला लागली. मीच मेण चोळलेली, मी ओळखणार नाही? फासा एका बाजूने पार पिंजारला होता. पदर कुरतडल्यासारखे, काळपट. ही एका दिवसाची झीज नव्हे, रोज थोडी थोडी घासलेली. जळालेली कॉइल नुसती बघून ती कुठे घासली हे सांगणारा माणूस, त्याला हे दिसलं नसेल? म्हणून तर लपवली!

मी दोरी त्यांच्या ताटासमोर ठेवली. “हे काय आहे?”

घास तोंडातच राहिला. मग हळूच म्हणाले, “सांगणार आहे गं मी. गुरुवार होऊ दे.”

गुरुवारी मराठी मंडळात ह्यांचा सत्कार होता. कशासाठी, तर मुलांना विनामूल्य दोऱ्या करून देतात म्हणून! हसावं की कपाळ बडवावं? पण इंदूरहून माझी नणंद शशिकला खास येणार होती, पत्रिका गावभर गेलेल्या. म्हटलं, जाऊ दे, दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय.

गुरुवारी शाल झाली, श्रीफळ झालं. एकाने भाषण ठोकलं की जितेंद्ररावांच्या हातची प्रत्यंचा म्हणजे विश्वास. हे मान खाली घालून बसले होते, लोकांना वाटलं केवढी नम्रता! मीही टाळ्या वाजवल्या. शुक्रवारी नणंदेला गाडीत बसवलं आणि घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. दोन दिवस घरात एक शब्द सरळ बोलले नाही. “लाज नाही वाटत? तिच्या आजोबांची शेवटची खूण मोडली तुम्ही, आणि वर आळ तिच्यावर!” शनिवारी रात्री हे नुसते रडले. रडा म्हटलं, पण उद्या मैदानावर चला.

रविवारी सकाळी मी त्यांना अक्षरशः हाताला धरून नेलं. सोनललाही निरोप पाठवून बोलावलं होतं. सगळ्या मुलांसमोर ह्यांनी ती दोरी वरुणसरांच्या हातात दिली.

“माझ्या दोरीची चूक होती. पोरीने बाण लावला होता. मी खोटं बोललो.”

एवढं म्हणाले खरे. एका दमात म्हणाले. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. मी तर वरुणसरांना वरून हुकूमच सोडला, “चला, आता हिचं नाव घाला परत यादीत.”

वरुणसरांनी तुटलेला फासा उलटून पाहिला. “काकू, यादी गुरुवारी दुपारीच गेली. बुधवारपर्यंत कळतं तर मी स्वतः नाव घातलं असतं. आता पुढच्या वर्षी.”

सोनल ह्यांच्याकडे बघत होती. रडली नाही, ओरडलीसुद्धा नाही.

“अंकल, आपको कब से पता था?”

“उसी दिन से,” हे म्हणाले.

तिने मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. मग ती माझ्याकडे वळली. मी तिच्या बाजूने भांडायला आलेली, तिच्यासाठी दोन दिवस घर डोक्यावर घेतलेली.

“और आंटी, आपको?”

“मंगल को,” मी म्हटलं.

तिने उजव्या हाताची बोटं पुढे धरली आणि मोजायला लागली. मंगल, बुध, गुरु. तिथे ती थांबली.