ग्वाटेमालाच्या लीगमधला तो हाफटाइम

प्रसादला धाप लागते हे सगळ्यात आधी मी ऐकलं, आणि मी त्याची तक्रार लिहिली.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

आमचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही फुटबॉल मॅचेसचा डेटा भरायचो. एकजण मॅच बघून बोलतो, दुसरा ऐकून टाइप करतो. प्रसाद बोलायचा, मी टाइप करायचो. दोघंही आयर्लंडमध्ये, तो एनिसला त्याच्या घरी, मी नावनला माझ्या घरी. मॅच दोघांच्याही स्क्रीनवर, मध्ये फक्त हेडसेट.

आमच्या वाट्याला आली होती ग्वाटेमालाची लीग. तोपर्यंत दोघांपैकी कुणालाही तो देश नकाशावर दाखवता आला नसता. तिकडे रविवारची भर दुपार, इकडे आयर्लंडमध्ये संध्याकाळचा चहा.

"चौदा. सहाला पास. टॅकल. परत चौदा. क्रॉस. घालवलास ना वाया, शहाण्या!"

शेवटचं वाक्य अर्थातच डेटात जायचं नाही.

तिकडे वर्षाला दोन सीझन. आम्ही एकत्र तीन केले. एका टकल्या डिफेंडरला प्रसाद 'जोशीसर' म्हणायचा, कारण तो रेफरीशी थेट आमच्या गणिताच्या सरांसारखे हात नाचवत भांडायचा. चिखलाने जर्सीवरचे नंबर दिसेनासे झाले तरी प्रसाद नुसत्या चालीवरून खेळाडू ओळखायचा.

"अरे, बायकोला तरी एवढा ओळखतोस का?"

"तिच्या पाठीवर नंबर नाही ना," तो म्हणायचा.

मागच्या वर्षी ऑक्टोबरपासून तो मागे पडायला लागला. माझ्या स्क्रीनवर बॉल पुढे गेलेला असायचा आणि याचा आवाजच नाही. मग एक मोठा श्वास. मग तीन नंबर एकदम.

"झोपलास काय रे?"

"ग्रँड आहे मी," तो इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणायचा, म्हणजे मजेत. "तू टाइप कर."

मॅच संपली की टाइप करणाऱ्याने रिमार्क द्यायचा असतो. मी लिहिलं, 'कॉलर लेट', म्हणजे बोलणारा मागे पडतोय. सलग चार रविवार. चौथ्यानंतर त्याला मॅनेजरचा मेल गेला.

त्याबद्दल तो मला एका शब्दाने बोलला नाही. तेच अजून टोचतं.

मग पाचवा रविवार. प्लेऑफ तोंडावर आलेले. हाफटाइमला तो म्हणाला, "छातीवर दाबल्यासारखं होतंय रे. जिना चढलो तरी होतं हल्ली."

"अ‍ॅसिडिटी असेल," मी म्हणालो. काय खात होतो कुणास ठाऊक, पण तोंडात घास होता माझ्या.

"तेच असेल. प्लेऑफ झाले की डॉक्टरकडे जातो. आत्ता सुट्टी नको, आधीच मेल आलाय. आणि मुग्धाला बोलू नकोस हं. उगाच घाबरेल ती."

"नाही बोलत. चल, टीम्स आल्या."

चल, टीम्स आल्या.

सेकंड हाफ त्याने पूर्ण केला. एक नंबर चुकला नाही. त्या दिवशी मी रिमार्क दिला नाही आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, की बघा, आपण किती चांगले मित्र.

सोमवारी सकाळी चहाचा डबा काढायला त्याने कपाट उघडलं आणि तिथेच कोसळला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी एनिसला पोचलो तेव्हा मुग्धावहिनींनी मला पहिला प्रश्न हाच विचारला. "केदार, तुमच्याशी तो एवढा बोलायचा. काही म्हणाला होता का हो?"

"नाही वहिनी. काहीच नाही."

वर्षभर त्या विचारत राहिल्या. कधी सरळ, कधी आडून. वर्षभर मी नाही म्हणत राहिलो.

प्रसादच्या जागी आता कॉर्क शहरातला एक आयरिश माणूस आलाय. तेच संघ, जोशीसर अजून भांडतायत. पण नवीन माणूस बोलता बोलता अर्धा सेकंद थांबला की माझी बोटं थिजतात.

"यू ऑलराइट?" मी विचारतो.

"ग्रँड," तो हसतो.

त्या अर्ध्या सेकंदात मला प्रसादचा श्वास ऐकू येतो. भास आहे, कळतं मला. तरी दर रविवारी येतो.

आमची रेकॉर्डिंग्ज वर्षभर ठेवतात. हाफटाइमलाही माइक चालूच असतो. त्या रविवारची फाइल या महिनाअखेरीला आपोआप उडणार. ती उडाली की त्या पाच मिनिटांचा पुरावा कुठेच राहणार नव्हता. खोटं कशाला बोलू, मी त्या तारखेची वाट बघत होतो.

आज सकाळी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "एका घरात राहून मला कसं कळलं नाही? वर्षभर हाच विचार करतेय. कसली बायको मी!"

मग मला राहवेना. सगळं सांगितलं, रेकॉर्डिंगचंही.

मग म्हणाल्या, "ऐकवा."

फोन स्पीकरजवळ धरून मी ती पाच मिनिटं लावली. 'मुग्धाला बोलू नकोस' आलं. माझं 'चल, टीम्स आल्या' पण आलं.

"परत लावा."

परत लावलं.

"मी वर्षभर स्वतःला दोष देत होते, केदार," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही बघत बसलात."

फोन ठेवला त्यांनी. माफी मागायची राहून गेली. ती कुठल्या तोंडाने मागणार होतो, तेही माहीत नाही.

म्हणून इथे, सगळ्यांच्या देखत लिहितोय. वहिनी, त्याने लपवलं आणि मी लपवू दिलं. तुमची चूक नव्हती. कणभरही नव्हती.

कॉमेंटमध्ये कृपया कुणी माझी समजूत घालू नका. बोलायचंच असेल तर त्यांना फोन करा.

प्रसाद, तू बोलू नकोस म्हणाला होतास. मी बोललो.

रागाव आता, हवा तेवढा.

मित्रा, मनापासून श्रद्धांजली.