दात नसलेलं जनावर

साल २०२३. मी सदुसष्ट वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, पण शहरात समुद्री जनावरांच्या प्रयोगशाळेचा राखणदार होतो. आता आमच्या संभाजीनगरात समुद्र कुठला? प्रयोगशाळेच्या मॅडम पाण्यात मीठ कालवून काचेच्या पेट्यांत तो तयार करायच्या. त्यात प्रवाळ. समुद्र तापत चाललाय, तर हे किती ताप सोसतं ते बघायला एक पेटी मुद्दाम गरम ठेवलेली.

फुलंब्रीला सासरवाडीत मी छातीठोक सांगून ठेवलं होतं, समुद्राची जनावरं माझ्या ताब्यात हायेत. मेव्हण्याची हयात शेळ्या-मेंढ्यांत गेलेली. त्याला पटेना. एक दिवस खात्री करायला थेट हजर झाला.

पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "दाजी, हे तर दगड हायेत."

"जनावर हाय."

"दगडं राखायचा पगार देत्यात व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "मामा, जिवंत आहेत ते."

गरम पेटीकडं बोट करून त्यानं विचारलं, "मग हे पांढरंफटक का पडलं?"

"पाणी तापलंय ना," मॅडम म्हणाल्या.

"तर सावलीला बांधा की! आन् जनावर असंल तर तोंड दाखवा."

शेळी घेताना तोंड उघडून दात बघितल्याशिवाय हा माणूस खिशात हात घालत नाही.

मॅडमनी गार पेटीत थेंबभर खाद्य सोडलं. दगडातून बारीक बोटं निघाली, मधोमध तोंड उघडलं, खाद्य आत गेलं. मी मिशीवरून हात फिरवला. मेव्हणा काचेला नाक लावून लई वेळ बघत राहिला.

"जनावर खरं. पण दात नाय. दाजी, म्हातारं गळ्यात मारलंय तुमच्या. सांगतो गावात."

मॅडम खो-खो हसल्या. तो निघूनही गेला. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी सोडून मी पहिली एसटी धरली. मेव्हणा गोठ्यात धार काढत होता, माझ्या बिनदाताच्या जनावराची गोष्ट ऐकायला शेजारी जमलेलेच होते. रामराम न घालता मी त्याची दुभती शेळी धरली, तोंड उघडलं आणि वरचा जबडा सगळ्यांना दाखवला.

"वर पुढं एक तरी दात हाय का? तरण्या शेळीलाबी नसतो. मग हिलाबी म्हातारी म्हण!"

तेवढ्यात शेळी माझा अंगठा कचकन चावली. पण खालच्याच दातांनी.