तीन बोटं

शाळेत शेवटचा तास शिकवून मी भिवंडीतल्या दातांच्या दवाखान्यात दाढ धरून बसलो होतो. शेजारी दिघाशी गावचा एक पन्नाशीचा पॉवरलूम कामगार होता. केसांत अजून कापूस अडकलेला. उजव्या हाताची तीन बोटं जुळवून तो ती उभी तोंडात घालून बघत होता. दोनच जात. तिसरं ओठाशी अडे. मग थोडा वेळ हात मांडीवर, आणि पुन्हा हळूच तेच, जणू मघाशी मोजण्यात चूक झाली असावी.

"शिफ्टला झोप येऊ नये म्हनून गुटखा खायाचो," तो म्हणाला. "डाक्तर बोलले, त्यानं तोंड आखडत जातं, पुढं क्यान्सर व्हतो. तीन बोटं जायची बंद झाली का लगेच ये."

"दुखतं का?"

"दुखत न्हाय, म्हनून तर भीती हाय."

त्याचा नंबर पुकारला, तसा तो माझ्याकडे वळला. "तुमी जा सर. तुमाला दुखतंय."

ठणका इतका होता की मी खरंच गेलो.

दाढ भरून बाहेर आलो, तर त्याची खुर्ची रिकामी. काउंटरवरची बाई म्हणाली, "आजपण गेले? तिसऱ्यांदा नंबर दुसऱ्याला दिला त्यांनी."

शाळेत जेवणानंतर मीही सुपारी चघळतो. रिक्षात बसल्यावर मी गुपचूप तीन बोटं तोंडात घालून पाहिली. भुलीने अर्धा जबडा बधिर होता, किती गेली ते समजेना.

दुखत मात्र काहीच नव्हतं.