रक्तात उतरणारी हळद

पस्तिसाव्या वर्षी मी स्वतःला फार मोठी शास्त्रज्ञ समजत होते. आता नातवंडांची नाकं पुसताना तेव्हाची मी, ती पस्तिशीतली बाई आठवली की वाटतं, सापडली असती तर एक थोबाडीत ठेवून दिली असती.

बाई फार्मसी कॉलेजात शिकवायची आणि हळदीच्या मागे लागलेली. हळदीतलं औषध पाण्यात विरघळत नाही, बरंचसं पोटातून तसंच निघून जातं. जे थोडं आत शिरतं, त्याचा निकाल यकृत लावतं. मी त्याला सोयाबीनमधल्या स्निग्ध पदार्थाची जोड दिली, म्हणजे आतड्याची भिंत ओलांडून ते रक्तात उतरेल. भुकटी कॅप्सूलमध्ये भरली. अजून तपासण्या व्हायच्या होत्या, पण बाईसाहेबांना धीर कुठला? नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात गुडघे धरून बसलेली सासू होतीच की!

सासू कुही गावाकडच्या सुताराची लेक. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेली, घरात अंडंसुद्धा येत नसे. आमचं कधीच पटलं नाही. ती रोज हळद-दूध प्यायची आणि मी म्हणायचे, "आई, शेवटी मोरीतच जाणार ती हळद. मधे तुमच्या पोटाला कशाला त्रास?"

कॅप्सूल पुढे केली तेव्हा तिनं विचारलं, "हे वरचं टरफल कायचं आहे वं?"

"झाडाचं."

टरफल जिलेटिनचं होतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात, हे मी त्याच सकाळी वर्गात शिकवून आले होते.

दुखणं कमी झाल्याचं ती कबूल करेना, पण दहा-बारा दिवसांनी कठडा न धरता जिना उतरताना मी तिला पाहिलं. मनातल्या मनात हारतुरे घेतले.

मग एकदा कॅप्सूल घशात अडकली म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं ती गरम पाण्यात सोडली. मी कॉलेजातून आले तर वाटी माझ्यासमोर. टरफल वितळून पाणी चिकट झालेलं.

"घे वास."

"औषधाचा आहे, आई."

"मले शिकवून राहिली काय? माह्या बापाच्या दुकानात लाकूड चिकटवाले सरस उकळे, चामड्याचा. तोच वास येऊन राहिला. काहून खोटं बोलली?"

"गुडघे बरे होताहेत ना? मग टरफलाचं काय घेऊन बसलात!"

हे माझं उत्तर. माफीबिफी काही नाही.

त्या दिवसापासून तिनं माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. गुडघे पुन्हा धरले. जिना ती बसून उतरू लागली, एकेक पायरी सरकत. आणि मी खाली उभी राहून चिडायचे. कोणावर? तिच्यावरच! माझं औषध आतड्याची भिंत ओलांडतं आणि या म्हातारीचे ओठ काही ओलांडता येत नाहीत, म्हणून.

शेवटी झाडाच्या लगद्यापासून केलेल्या कॅप्सूल मागवल्या. सगळी भुकटी त्यांत नव्यानं भरली. डबी घेऊन जिन्यापाशी गेले, तेव्हा ती मधल्या पायरीवर बसली होती.

"आई, ह्या खरंच झाडाच्या आहेत."

तिनं डबीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मांगं बी तूच सांगतलं होतं," ती म्हणाली. "सरक तिकडं. मले उतरू दे."