तीन खांबांच्या चुरी बाई

चुरी बाईंची आणि माझी पहिली ओळख शाळेच्या व्हरांड्यात झाली, आणि त्या वेळी मी चुकीच्या खांबाला टेकून उभी होते. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या सेवेविषयी जाणती माणसे लिहितीलच. मी मात्र त्या व्हरांड्यापासूनच सुरुवात करणार आहे, कारण माझे पुढचे आयुष्य तिथेच ठरले.

आमची शाळा बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर होती. वर्गातली निम्मी मुले आसपासच्या गावांतली, चिकूच्या वाड्या असलेल्यांची नाहीतर मच्छीमारांची. उरलेली आमच्यासारखी, कारखान्यांतल्या नोकऱ्यांमागे सांगली-साताऱ्याकडून आलेल्या घरांतली. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. मी आठवीत या शाळेत आले तेव्हा बाई इंग्रजी शिकवत होत्या, आणि त्यांच्या शिकवण्याची एक रीत साऱ्या पंचक्रोशीत ठाऊक होती.

एखाद्या गोष्टीचा परिणाम काय होईल हे इंग्रजीत सांगायचे, तर आपल्याला त्याची खात्री किती आहे हेही सांगावे लागते. हमखास होणार असेल तर विल, होण्यासारखे असेल तर मे, आणि अगदीच अंधूक शक्यता असेल तर माइट. एवढे फळ्यावर लिहून कोणीही मोकळे झाले असते. बाई सगळ्या वर्गाला उठवून व्हरांड्यात आणायच्या. तिथल्या तीन खांबांना त्यांनी हीच तीन नावे दिली होती. बाईंनी अर्धे वाक्य म्हणायचे आणि आपण आपल्या खांबाशी जाऊन ते पुरे करायचे. नुसते उभे राहून भागत नसे. ‘कारण सांगा, मग उभे राहा,’ हा त्यांचा दंडक होता. पहिल्याच दिवशी मी मैत्रीण शोधत सावलीतल्या खांबाशी गेले, कारण विचारल्यावर गप्प राहिले, आणि तास संपेपर्यंत त्या खांबाची राखण करत उभी राहिले. बाई कडक होत्या, हे गौरवग्रंथातही लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही सगळे एकच चूक करायचो. वाक्य कोणतेही असो, अख्खा वर्ग ‘विल’च्या खांबाला लोंबकळायचा. झाडावर चढलास तर? पडशील. पाण्यात गेलास तर? बुडशील. सुकत घातलेल्या बोंबलांवर पाऊस आला तर? कुजतील. बाई एकदा हसून म्हणाल्या, तुमच्या घरी सगळे ज्योतिषीच दिसतात. त्यावर किनाऱ्यावरच्या घिवली गावची एक मुलगी धिटाईने ‘मे’च्या खांबाकडे सरकली. तिची आई आभाळ बघून बोंबील वेळेत उचलते, म्हणून ते कुजतीलच असे नाही, असे तिने सांगितले. बाईंना इतका आनंद झाला, की तो तास त्यांनी तिथेच संपवला. जाताना आम्हांला एवढेच म्हणाल्या, की घरची माणसे तुम्हांला भीतीपोटी तसे सांगतात, आणि भीतीला सगळे नक्कीच होणार असे वाटते.

दहावीचा निकाल लागला. मला चांगले गुण मिळाले होते, पण दादांनी मला पुढे शिकवायचे नाही असे ठरवले. कॉलेज पालघरला, रोजची एसटी, संध्याकाळी परतायला उशीर. आईने दोनदा विषय काढून पाहिला आणि मग तीही गप्प बसली. मी जेवण टाकले, रडले, पण दादा बधले नाहीत. दाखला न्यायला ते मला घेऊन शाळेत आले. शाळा सोडल्याचा तो दाखला पुढच्या शिक्षणासाठी नव्हे, तर घरात ठेवून द्यायला हवा होता.

आमचे शिपाई जनाकाका घिवलीचे. ते आधी आत गेले आणि दबक्या आवाजात बाईंना म्हणाले, “बाय, मानूस रागात हाय. तुमी एकल्या नको बोलू, हेडसरांना बलावतो.” बाईंनी त्यांना थांबवले. त्या बाहेर आल्या, दादांना नमस्कार केला, आणि वाद घालायचे सोडून त्यांना आमचा खेळ समजावून सांगितला. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. दादा मात्र नीट ऐकत होते. कारखान्यात कोणता व्हॉल्व्ह बिघडला तर काय होऊ शकते, याचा विचार ते रोजच करत असणार. त्यांना खेळ आमच्यापेक्षा लवकर समजला.

बाईंनी विचारले, मुलगी पालघरला गेली तर काय होईल? दादा तडक पहिल्या खांबाशी गेले आणि पोरगी बिघडेल म्हणाले. कारण विचारल्यावर त्यांनी गावाकडच्या एका नातेवाइकांच्या मुलीचे उदाहरण दिले. बाईंनी मन लावून ऐकले आणि अशा किती मुली त्यांना ठाऊक आहेत, ते विचारले. ती एकच होती. दादा थोडा वेळ तिथेच रेंगाळले, मग दुसऱ्या खांबाशी आले. दुसरी भीती संध्याकाळची होती. एसटी चुकली, उशीर झाला, कोणी त्रास दिला, तर? ही भीती बाईंनी उडवून लावली नाही. हे होण्यासारखे आहे, मलाही तसेच वाटते, असे त्या म्हणाल्या, आणि रोज संध्याकाळी बोईसरच्या स्टँडवर मी स्वतः थांबेन असे त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकले. तिसरी भीती नापास होण्याची. ती बोलताना दादांनाच हसू आले आणि ते आपण होऊन शेवटच्या खांबाशी गेले.

मग बाई म्हणाल्या, “आता नाही पाठवलं तर काय होईल, तेही सांगा.”

दादांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली बघत होते. मग ते म्हणाले, “घरात बसंल. आतल्या आत कुढंल. आमच्याशी बोलायची बंद व्हईल.” एवढे बोलून ते शेवटच्या खांबापासून निघाले आणि चालत चालत पहिल्या, ‘विल’च्या खांबाशी जाऊन उभे राहिले. जनाकाका पाण्याचा तांब्या घेऊन मध्येच थबकले होते. बाईंनी दादांना कारण विचारले नाही. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्याच शाळेत शिक्षिका होऊन त्यांच्याबरोबर शिकवले, पण कारण न विचारता त्यांनी कोणाला उभे राहू दिल्याचे मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

मी पालघरच्या कॉलेजात जाऊ लागले आणि स्टँडवरचा शब्द बाईंनी पाळला. शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्या बाकावर बसलेल्या असायच्या. मी उतरले की आधी इंग्रजीत काय शिकवले ते विचारायच्या, मग फार गोड चहा पाजायच्या, मग घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायच्या. त्यांचेही घर होते, सासूबाई होत्या, संध्याकाळचा स्वयंपाक होता. त्याबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत आणि मला ते विचारायचे सुचले नाही. कारखान्यात सकाळची पाळी असली की रस्त्यापलीकडच्या पानाच्या टपरीशी दादाही उभे असायचे, हे मला खूप नंतर कळले. बाईंना ते पहिल्या आठवड्यातच दिसले होते. त्यांनी दादांना ओळख दाखवली नाही. बापाला बापासारखे उभे राहू द्यावे, असे त्या नंतर मला म्हणाल्या. हे ऐकले त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सर्वांसमोर रडले.

निवृत्तीनंतर बाई माकुणसारला माहेरच्या वाडीजवळ राहायला गेल्या. गावातल्या मुलींना त्या अजूनही इंग्रजी शिकवतात. तिथे खांब नाहीत, तर चिकूची झाडे चालवून घेतात. गुडघे कुरकुरतात, डॉक्टर बसून शिकवा म्हणतात, आणि बाई तो सल्ला मान हलवून ऐकतात व उठून उभ्या राहतात.

हा लेख लिहायला बसले तेव्हा दादा शेजारी होते. आता त्यांना कमी ऐकू येते, म्हणून दोनदा मोठ्याने सांगावे लागले की चुरी बाईंवर लिहिते आहे. मग म्हणाले, “लिही, की बाईंनी मला हरवलं न्हाई. त्या खांबापतोर मी माझ्या पायानं गेलो.”

बाई, सत्काराच्या दिवशी दादा हार घेऊन येणार आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी खुर्चीतून उठू नका, निदान त्या दिवशी तरी डॉक्टरांचे ऐका. तुम्हांला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे सुखाचे राहोत आणि वाडीत मुलींची वर्दळ अशीच राहो. अजून पुष्कळ वडिलांना तुमच्याशी बोलायचे आहे.